चिठ्ठीत न आलेलं घर

मंडळी,

कुमुदताईंच्या आरोग्य कचेरीतली माणसं आली आहेत, आमची तारकर्लीची वाडी आली आहे. पुढे ताईंच्या आई बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून बोलणं मला जमणार नाही. मी जरा बाजूला बघून बोलतो, राग मानू नका.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेल्या. सगळे त्यांच्याविषयी चांगलं बोलले, ते खरंच आहे. पण माझ्या मनात एक गोष्ट आहे. ती गोड नाही.

मी इथल्या शाळेचा मास्तर. लहान मुलांच्या प्रकृतीची पाहणी करायला ताई पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी म्हटलं, "शाळेतली मुलं मोजा की. सगळी एका जागी मिळतील." त्या म्हणाल्या, "मास्तर, शाळेपर्यंत चालत येणारी मुलं धडधाकटच असणार. जी येत नाहीत त्यांचं काय?"

सगळ्या घरांत जायला माणसं पुरत नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक घराला नंबर दिला. चिठ्ठ्या केल्या, टोपलीत घातल्या, सगळ्यांसमोर काढल्या. ज्या घराची चिठ्ठी निघाली, त्याच घरातली मुलं तोलायची. दुसरं घर नाही. बदली नाही.

माझ्या बहिणीचं, रतनचं घर निघालं नाही.

रतनची शेवंती तेव्हा दोन वर्षांची. हातापायांच्या काड्या, पोट पुढे. रतन तिला घेऊन ताईंच्या वाटेत उभी राहिली. "ताईनूं, माझा घर चिठ्येत येवक नाय, म्हणान माझा चेडू आजारी नाय काय?"



ताई खाली बसल्या. शेवंतीला मांडीवर घेतलं, डोळे बघितले. म्हणाल्या, "हिला आत्ताच्या आत्ता मालवणला न्यायचं." काम तिथेच टाकून त्या आमच्याबरोबर आल्या. अर्धी वाट पोर त्यांच्याच खांद्यावर होती.

शेवंती वाचली नाही.

सुतकाचे दिवस सरल्यावर रतन मला घेऊन ताईंकडे गेली. म्हणाली, "तुमच्या कागदार माझ्या चेडवाचा नाव घाला. बाकी काय मागणा नाय."

ताईंनी मान हलवली. नाही.

मी चिडलो. "एका नावाने काय बिघडणार आहे?" ताई म्हणाल्या, "मास्तर, आज हाक मारणाऱ्याचं नाव घातलं, तर उद्या कचेरीतले साहेब म्हणतील, हिने आजारी तेवढी वेचून आणली. मग कोणालाच काही मिळणार नाही."  नाव त्यांनी घातलं नाही.

पुढे साहेब म्हणाले, सरासरी वजन ठीक आहे. ताईंनी वजनांचे गट पाडून पुढे ठेवले. अगदी हलक्या पोरांचा गट, त्याच्यावरचा, मग त्याच्यावरचा. म्हणाल्या, "सरासरी राहू द्या. हा खालचा गट बघा, किती भरलाय." चिठ्ठ्या उघड्यावर काढलेल्या. कोणाला खोट काढता आली नाही. वाडीत दूध सुरू झालं, नर्स येऊ लागली. तुमची-आमची कितीतरी पोरं त्यावर वाढली.

ताईंचं बरोबर होतं. मी हे इथे उभा राहून सांगतो. आणि तरी मंडळी, बरोबर असणं पुरतं का हो? मला अजून कळलेलं नाही.

ताई मात्र रतनकडे येत राहिल्या. रतन बोलायची नाही. त्या बसायच्या, पाणी मागून प्यायच्या, जायच्या. मध्यंतरी पुन्हा पाहणी झाली आणि या वेळी रतनच्या घराची चिठ्ठी निघाली. तिचा धाकटा मुलगा झोळीत बसून तागडीला लटकला, गुटगुटीत, हसरा. रतन एवढंच म्हणाली, "तेवा येवक नाय. आता इला."

ताईंचा लिहिता हात थांबला. त्या रडल्या. रतनही रडली. त्या दिवसापासून दोघी बोलू लागल्या, पण शेवंतीविषयी कधीच नाही.

आज सकाळी मी रतनला विचारलं, "सभेत तुझं काय सांगू?"  ती म्हणाली, "मी तिका माफ केलंय काय नाय, माका ठावक नाय भाऊ. पण ह्या म्हयन्यात ती येतली म्हणान मी दारापुढचा खळा सारवन ठेवलंय."

मंडळी, उठून उभे राहूया. ताईंसाठी थोडा वेळ कोणी काही बोलू नका.