होडीतली उशी

लेक : म्हणजे आजही बायबलातली तीच होडी?

आई : तीच. खुर्ची उचलून घे, फरफटवू नकोस.

लेक : आई, माझी परीक्षा सुरू झाली त्या आठवड्यात आपण त्या होडीत बसलो. परीक्षा संपली, निकाल लागला, कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू झालं. आपण अजून पाण्यातच. त्या शिष्यांना एका रात्रीत पलीकडचा काठ मिळाला. ते तर घाबरलेले होते.

आई : तुझ्या वडिलांना त्यांचा शब्द सापडू दे. मग उतरू.

लेक : आणि सापडलाच नाही तर? माझं लग्न होडीतच लावणार?

आई : त्याला आधी कुणीतरी तयार व्हावं लागतं. बस खाली.

बाबा : आलो, आलो. हातांचं ग्रीस निघत नाहीये.

आई : निघेल तेवढं निघू द्या, साबण नका संपवू. रात्र कशी गेली?

बाबा : दोन लिफ्ट अडकल्या. एकीत कुणी नव्हतं. दुसरीत एक गृहस्थ होते आणि त्यांचं कपाट.

लेक : रात्री कपाट घेऊन कुठं निघाले होते?

बाबा : मीही विचारलं. म्हणाले, दिवसा लोक बघतात. मग मी फार खोलात शिरलो नाही. मी वर मशीनपाशी, ते खाली अंधारात कपाटाला पाठ टेकून. त्यांना बाकी काही नको होतं. थोड्या थोड्या वेळानं हाक मारायचे, "मिस्त्री, आहात ना?" मी म्हणायचो, "आहे." इतकंच. कपाटात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आई : वाचायला घेऊ या. सातला सुपरवायझरबाईंचा फोन येणार आहे, त्याआधी आटपायचंय.

लेक : कसला फोन?

आई : नंतर सांगते.

लेक : आत्ता सांग. तू "नंतर सांगते" म्हणालीस की घरातलं काहीतरी जातं. मागच्या खेपेला सोफा गेला.

आई : सोफ्याचा पाय मोडला होता.

लेक : एक. चारांपैकी.

आई : लाँड्रीत मला पहाटेची पाळी देतायत. घड्या घालायच्या टेबलावर. खुर्ची आहे तिथं. इस्त्रीचा रोलर नाही, वाफ नाही, दिवसभर एका पायावरून दुसऱ्या पायावर करत उभं राहणं नाही.

बाबा : अगं, मग चांगलंच झालं की. तुझी कंबर किती दिवस...

आई : साडेपाचला हजर व्हायचं. म्हणजे पाचला घर सोडायचं. आणि तुम्ही सहाला घरी येता.

बाबा : हं.

आई : म्हणजे हे बंद.

लेक : हे म्हणजे होडी?

आई : हे म्हणजे हे. तिघांनी एका टेबलाशी बसणं. वाचणं. गप्प राहणं.

बाबा : संध्याकाळी बसू.

आई : संध्याकाळी तुम्ही जेवण डब्यात भरून दाराकडे पळत असता आणि ही शिकवण्या घ्यायला गेलेली असते.

लेक : रविवारी?

आई : रविवारी चर्चमध्ये आपण तिघं तीन बाकांवर पेंगतो. त्याला कौटुंबिक उपासना म्हणत नाहीत.

लेक : मग दुपारी.

आई : दुपारी हे झोपतात. दुपार म्हणजे यांची रात्र. तिला हात लावायचा नाही, हे तू लहान होतीस तेव्हापासून ठरलंय.

बाबा : मग बाईंना काय सांगणार तू?

आई : माझे पाय म्हणतायत, हो म्हण.

बाबा : आणि तू?

आई : मी कुठं पायांपेक्षा वेगळी राहिलेय आता. वाच गं.

लेक : संध्याकाळ झाली, होडी निघाली, वादळ सुटलं, पाणी आत शिरलं. प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला. त्यांनी उठवलं, म्हणाले आम्ही बुडतोय, तुम्हाला काही वाटतं की नाही. तो उठला, वाऱ्याला दटावलं, पाणी निवलं. मग त्यांना विचारलं, एवढे घाबरलात कशाला. झालं.

आई : हे वाचन झालं की बसचे थांबे सांगितलेस?

लेक : पाठ आहे मला. झोपेतही सांगीन. बाबांनाही पाठ असेल, ते तर झोपेतच ऐकतात.

बाबा : ऐकतो मी.

लेक : घोरत ऐकता.

आई : पुस्तक उघड. चर्चच्या पाळकसाहेबांनी दिलीय त्या रीतीनं वाच. तीनदा, सावकाश. मग गप्प. मग ज्याला जो शब्द भिडेल तो त्यानं सांगायचा.

लेक : पाळकसाहेब "घाई करू नका" एवढंच म्हणाले होते. सगळ्यांचे शब्द मिळेपर्यंत पुढं सरकायचं नाही, हा नियम तुझा. ते घाई नको म्हणाले, तू नांगर टाकलास.

आई : एकाला मागं ठेवून बाकीच्यांनी पुढं जायचं, हे मला जमत नाही. मग ते वाचन असो की काही असो.

बाबा : वाच, बाळा. आज मी जागा राहतो.

लेक : हे ऐकून आता मलाच भीती वाटायला लागलीय.

(ती तीनदा वाचते, सावकाश. मग शांतता. नळ ठिबकतो. आज कुणी घोरत नाही.)

लेक : आई, सुरुवात कर. रोज तूच करतेस.

आई : आज तू कर.

लेक : माझे केव्हाच संपले. मी वारा सांगितला, लाटा सांगितल्या. परवा वल्ही सांगितली, तर वल्ही या उताऱ्यातच नाहीत असं तू म्हणालीस. काल मी "आणि" सांगितला.

आई : तो भिडला होता तुला?

लेक : समोर होता. तू तुझा सांग ना, "विश्वास". रोजचाच तर आहे.

आई : तो माझा नव्हता.

बाबा : म्हणजे?

आई : कुणीतरी सुरुवात करायला हवी म्हणून मी तो लावत होते. दुकानदार सकाळी दार उघडून झाडू मारतो ना, गिऱ्हाईक येवो न येवो, तसं. मला विश्वास-बिश्वास काही भिडला नाही. मी डोळे मिटते आणि एकच गोष्ट दिसते. आणि ती सांगण्यासारखी नाही.

लेक : मी "आणि" सांगितलाय, आई.

आई : उशी.

लेक : उशी?

आई : मासे धरायची होडी ती. जाळी असतील, टोपल्या असतील, ओले दोर असतील. तिथं उशी आली कुठून? तिला काही पाय फुटत नाहीत. कुणीतरी घरून आणली. कुणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस दिवसभर बोलून बोलून थकलाय, याच्या मानेखाली काहीतरी हवं. त्या माणसाचं नाव कुठंच नाही. वारा थांबला त्याचं सगळ्यांना नवल. उशीचं कुणाला काही नाही.

बाबा : खरंय की.

आई : काय खरंय? दिवसभर मी हॉस्पिटलच्या उशांचे अभ्रे रोलरमध्ये सारते. ढीग संपतो, दुसरा येतो. कुणाच्या डोक्याखाली जातात, तो माणूस बरा झाला की गेला, मला कधी कळत नाही. आणि इथं येऊन देवाच्या वचनावर मनन करायला बसते तर डोळ्यांपुढं पुन्हा अभ्रे. याला कुणी मनन म्हणेल? मला वाटलं, आपल्यातलं ते आटलं. मग कशाला दोन माणसांना रोज सकाळी टेबलाशी बांधून ठेवायचं. त्यापेक्षा बसायची खुर्ची मिळतेय ती घ्यावी.

लेक : आई.

आई : काय?

लेक : इतक्या महिन्यांत या होडीतून निघालेली ही पहिली खरी गोष्ट आहे. आणि तू ती लपवून ठेवली होतीस. मी मात्र वल्ही शोधत बसले.

बाबा : पाळकसाहेबांना सांग. पुढच्या रविवारी तेच वापरतील.

आई : थट्टा पुरे. तुमचा काय तो सांगा. आज तरी जागे आहात.

बाबा : माझा... म्हणजे माझा तसा आहे.

लेक : सापडला? आत्ता?

बाबा : आत्ता नाही. पहिल्याच आठवड्यात सापडला होता.

लेक : बाबा.

बाबा : "झोपला होता." हा माझा.

आई : पहिल्या आठवड्यात सापडला आणि तुम्ही बोलला नाहीत?

बाबा : बोललो असतो तर आपण काठाला लागलो असतो. पुढचा उतारा मी चाळून ठेवला होता. थडग्यांत राहणारा माणूस, रात्रंदिवस ओरडतोय, आणि शेवटी डुकरांचा अख्खा कळप कड्यावरून पाण्यात. त्यात झोप लागणं कठीण.

लेक : म्हणजे तुमच्या झोपेसाठी आम्ही उन्हाळाभर समुद्रात?

आई : अहो, पण झोपायला तुम्हाला अख्खी दुपार पडलीय. हीच दहा मिनिटं कशाला हवीत?

बाबा : दुपारी मला झोप लागत नाही.

आई : काय?

बाबा : पडून असतो. डोळे मिटून.

आई : कधीपासून?

बाबा : रात्रपाळी सुरू झाली तेव्हापासून. थोडीफार लागते मधेच, डुलकीसारखी. पण झोप अशी नाही.

लेक : एक मिनिट. मी इतकी वर्षं जिन्यात बसून अभ्यास करतेय. पान उलटल्याचा आवाज येऊ नये म्हणून. वरचे काका जाता येता मला विचारतात, घरच्यांनी बाहेर काढलं का म्हणून. त्यांनी मला एकदा बिस्किटं दिली. दयेनं.

बाबा : ठाऊक आहे. ते विचारतात ते आतून ऐकू येतं.

आई : मी दाराची घंटी काढून टाकली तुमच्यासाठी. पोस्टमन आपल्याकडं यायचा बंद झाला.

बाबा : अगं, तेच तर. तुम्ही दोघी एवढ्या जपून आवाज करत नाही, की ते गप्प राहणंच मला ऐकू येत राहतं. लिफ्टच्या कामात आवाज चालू असला की सगळं ठीक असतं. आवाज थांबला की उठून पळायचं. इतक्या वर्षांची सवय. घर गप्प झालं की मी टक्क जागा होतो. काय बंद पडलं, असं वाटत राहतं.

लेक : पण इथंही आपण गप्पच असतो. आणि तुम्ही पाचव्या मिनिटाला घोरता.

बाबा : ही शांतता वेगळी. दुपारची मला एकट्याला दिलेली असते. ही तिघांची असते. इकडून तुझा श्वास, तिकडून हिची बांगडी टेबलाला लागते. मधे मी. काही बंद पडलेलं नसतं. दिवसभरात तेवढीच झोप मला लागते. म्हणून म्हटलं, राहू दे आणखी थोडं पाण्यात.

आई : मला सांगायचं होतंत.

बाबा : तू इतक्या मायेनं घंटी काढलीस. तिच्या तारा गुंडाळून डबीत ठेवल्यास. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

लेक : थांबा. दोघंही थांबा. आई, पहाटेची पाळी घेतलीस तर दुपारी किती वाजता घरी येणार?

आई : दोनच्या सुमारास.

लेक : मी कॉलेजातून येते दीडला. बाबा घरात पडलेले, टक्क जागे. दुपारला हात लावायचा नाही, कारण बाबा झोपतात. आणि बाबा झोपत नाहीत. म्हणजे आपण तिघं रोज रिकाम्या खोलीला कुलूप लावून बाहेर उभे होतो.

बाबा : अडीचला बसता येईल.

आई : अडीचला मी पहाटे चारची उठलेली असेन. वाचायचं कुणी? माझे तर डोळे मिटतील.

बाबा : मिटू देत. मी वाचीन.

आई : तुम्ही?

बाबा : अडखळत वाचीन. पण सावकाश वाचायचंय ना, मग जमेल. तुम्ही दोघी जवळपास असा, वावरत राहा, आपटा काय ते. वाचून झालं की मग मी झोपीन. घंटी परत लावतो आजच.

लेक : आणि मी जिन्यातून घरात राहायला येऊ?

बाबा : ये. वरच्या काकांना तेवढं सांगून ये. बिस्किटं बंद होतील.

आई : फोन वाजतोय. गप्प बसा. नाही, बसू नका. बोलत राहा काहीतरी, मला ऐकू येईल... हॅलो. हो बाई, मीच. हो, विचार झाला. पहाटेची घेते. नाही, घरची काही अडचण नाही. होती, मिटली. नाही हो, भांडण नव्हतं, वाचन होतं. तेच... हो, सोमवारपासून. ठेवते.

लेक : मग सोमवारी कोणता उतारा? तिघांचे शब्द झाले. नियमानं आता थडगी आणि डुकरं.

बाबा : आणखी एक दिवस हाच असू दे. सोमवारचा एक.

लेक : का? तुमचा तर सांगून झाला.

बाबा : तुझी आई त्या होडीत एवढे महिने बसून आहे. पण टेकली कुठं ती.

आई : मला काही नको टेकायला. निघायला अजून पाऊण तास आहे, भांडी राहिलीत.

लेक : भांडी मी करते. आवाज करत करते, सराव म्हणून. ही उशी घे, हिच्यावर डोकं ठेव.

आई : ही कुठली गं?

लेक : सोफ्याची. सोफा गेला, ही मागं राहिली होती. मी जिन्यात घेऊन बसायचे.

आई : दहा मिनिटं फक्त. मला उठवा.

बाबा : उठवतो.

आई : तुम्हीच झोपून जाल.

बाबा : नाही झोपत.

आई : अहो.

बाबा : हं.

आई : आहात ना?

बाबा : आहे.