श्वासानं हललेला आकडा

चंद्रपूर-वरोरा एसटीत माझ्या पुढच्या सीटवर तरुण नवराबायको बसले होते. भद्रावती मागे पडलं, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

“तुमी तं चंद्रपूरलेच थांबनार होते ना?”

“हो. पन दिव्या, तू ऐकून तर घे.”

“काय ऐकू? मी मोहर्लीहून बर्फ घेऊन जंगलात आली, अन् तुमी साऱ्यांसमोर ‘दूर हो’ म्हणून खेकसले.”

“तापमानाचा तो सेन्सर म्हंजे केसाहून बारीक तार हाये. तुयाच बर्फाच्या पान्यात त्यानं बरोबर शून्य दाखवलं. मंग जंगलातल्या हवामानाच्या टॉवरवर लावाच्या आधी त्याले सकाळच्या गार सावलीत थर्मामीटरजवळ ठेवून दोघांचे आकडे जुळवून राह्यलो होतो. तू वाकून पाह्यलं, अन् तुया श्वासानं आकडा चढला.”

“माया श्वासानं?”

“त्याले तेवढंही समजते.”

“मंग हळू सांगता येत नव्हतं?”

“येत होतं. माहं चुकलं.”

“जुळले का आकडे?”

“जुळले. तू गेल्यावर सारं शांत झालं. स्क्रीनवरची तापमानाची रेघ मधीच हळूच वर जाये, अन् मी मागे वळून पाहो.”

“कोन होतं?”

“कोनी नाई. मोहाच्या झाडाखालून गरम वारा येऊन राह्यला होता. पन दर वेळी वाटे, तूच आली.”

वरोरा जवळ आलं, तशी तिनं पिशवीतून मोबाईल काढला.

“माहेरी आईनं वडाभात केला असन. माया एकटीपुरता.”

“मी उपाशी राहीन.”

“काऊन? थांबा, आईले फोन लावते. दोघं येऊन राह्यलो म्हणते.”