सोयरिकीचा मेणकोट

...अन् वरून आमची बायको मलेच म्हणते, तुमाले कोट जपता येत नाही! मले! अरे, त्या कोटाले मी जेवढं जपलं तेवढं कोणी तान्ह्या लेकराले जपलं नसन. हसू नका. पोरीची सोयरीक टांगलेली होती त्या दिवशी, अन् मी दात दाबून बसलो होतो. बोललो का? नाही बोललो.

तुमाले सांगतो, कोट असातसा नव्हता. मेणकापडाचा. विलायती. घाटंजीच्या बाजारात जुन्या कपड्याच्या ढिगात सापडला. कोण्या जंगलसाहेबाचा असन, साहेब गेला आपल्या देशी, कोट राह्यला इथं. हिरवट काळा, मांडीपर्यंत लांब, पितळी बटनं, आतून चौकडीचं अस्तर. वर पाणी टाकलं तं थेंब टिकतच नाही, घरंगळून खाली. छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलो, तवाच ठरवलं होतं, आता खांद्यावर घोंगडी टाकून कोणाच्या दारात वाकून उभं राहाचं नाही. कोट पाहिजे. घेतला.

विकणारा मोठा बोलका. "चाचा, इसको साबन नहीं, गरम पानी नहीं, इस्तरी तो भूल के भी नहीं! साल में एक बार मोम और अलसी का तेल पिलाओ, बस." तेल पाजा म्हणते! म्हटलं, कोट हाय का पहिलवान?

पण पाजलं. जंगलातलं मेण आणलं, घाणीवरून जवसाचं तेल आणलं. घाणीवाला म्हणे, "वरचं नितळ देऊ का खालचं?" म्हटलं, खालचं दे, गाळाचं, दाट हाय, चिकट हाय, पाणी अडवाले तेच बरं. इथंच चुकलं! पण मले काय माहीत? चुलीवर मेण पातळ केलं, तेल मिसळलं, कोट अंगणात पसरला अन् फडक्यानं चोळ चोळ चोळला. आमची बायको कांताबाई दारात उभी, कमरेवर हात. "पोरीच्या डोक्याले तेल नाही, अन् कोटाचे लाड पाहा!" तवा बोललो मी. शेजारी भिंतीवरून पाहाले लागले इतकं बोललो.

माहा स्वभावच तसा. लपवत नाही. आधीच्या सोयरिकी त्याच्यानंच मोडल्या. एक पोराचा काका आमच्या घरी बसून म्हणे, चहात साखर कमी हाय. मी त्याले कपासकट उठवला. दुसरा... जाऊ द्या. नलू, आमची पोरगी, कधी काही म्हणत नव्हती. पण या वेळी माहा साळा भीमराज यानं राळेगावकडचं ठिकाण आणलं, पोरगा मास्तर, घर चांगलं, तं निंघता निंघता नलू दारात आली. खाली पाहून म्हणे, "बाबा, आज काही बोलू नका जी." एवढंच. पोट्टीनं जन्मात मले काही मांगितलं नव्हतं. म्हटलं, नाही बोलत.

निंघालो. कोट घालून. वैशाखात... हो, वैशाखात! पाऊस नाही म्हणून काय कोट घरी ठेवू? भीमराज म्हणे, "भाऊजी, डोक्यावर ऊन पाहा." म्हटलं, "तू आपलं डोकं पाह्य." मोटारीत बसलो तं मेण वितळाले लागलं. पाठ सीटले चिकटली. उतरतांनी जोर करून उठलो तं फट्टकन आवाज! कंडक्टर म्हणे, "बुढाबाबा, सीट इथंच ठेवून जा जी." सारी मोटार हसली. बोललो का? नाही बोललो.

पोराचा बाप गोविंदा. त्याच्या अंगणात लिंबाखाली खाट टाकली होती. जय भीम झालं, पाणी झालं. समोर गोविंदा, बाजूले पोरगा, अन् ओट्यावर गोविंदाची माय, मथुराबाई. म्हातारीचे डोळे मिटल्यावानी, पण सारं पाहून राह्यलेली. अन् माह्या खाटेच्या मागं... बैलजोडी. आता तुमी शेतीवाले, तुमाले काय सांगाव, जवसाची ढेप, घाणीतली पेंड, दिसली तं बैल कसा करते! अन् माह्या पाठीवर जवसाचा गाळ, उन्हानं पातळ झालेला, वास सुटलेला...

पहिले पाठीवर गरम फुस्स. मग जीभ. खरखरीत, खालून वर! मी ताठ. गोविंदा विचारते, "पोरगी कितवी शिकली?" म्हटलं, "चवथी," अन् मागून पुन्हा जीभ, थेट मानेपर्यंत. भीमराजले घाम फुटला. त्यानं बैल हाकलाले हात उचलला तं ओट्यावरून म्हातारी, "राहू दे बाबू, लाडाचा हाय तो."

लाडाचा! माहा कोट खाऊन राह्यला अन् लाडाचा! तेवढ्यात दुसराही आला. एकानं खालचं टोक धरलं, एकानं खिसा. मी पुढं सरकलो, त्याईनं मागं ओढलं. मी पोराले विचारून राह्यलो, "शाळा कशी हाय?" अन् विचारता विचारता खाटेवरून मागं मागं चाललो! पोरगा खाली पाहून ओठ चावते. रक्त असं चढलं डोक्यात! साऱ्या शिव्या जिभेवर येऊन उभ्या... बैलाले, बैलाच्या मालकाले, मालकाच्या मायले... अन् डोळ्यापुढं दारातली नलू. बोललो का? नाही बोललो. घोटभर पाणी पेलो.

चर्रर्र! गेली पाठ. मानेपासून कमरेपर्यंत. वारा लागला. बैल आरामात चावून राह्यला, खिशाचं पितळी बटन तेवढं थुकलं त्यानं.

म्हातारी ओट्यावरून उतरली. काठी टेकत आली, माह्या पुढं उभी राह्यली. आता काय म्हणते? गेली का ही बी सोयरीक? म्हणे, "गोविंदा, साखर आण. लोक सांगत होते, पोरीचा बाप आगीचा लोळ हाय. म्या म्हटलं, पाहू. केव्हाची पाहून राह्यली, मुद्दामच हाकलू देला नाही बैल. असा सोशिक माणूस म्या नाही पाहिला बाप्पा! पोरगी बी अशीच असन."

मुद्दामच! ऐकलं ना तुमी? मुद्दामच! मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तिनं त्यात साखर कोंबली.

लग्न झालं. आपल्या नव्या रीतीनं, थाटात. नलू सुखात हाय, तिचं घर भरलेलं हाय. पण माहं काय? साऱ्या सोयऱ्यात नाव झालं, उकंडाजी म्हणजे शांत माणूस! कोणाचं भांडण झालं तं मिटवाले मले बोलावते. गोविंदा येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, "आमचे इवाई, बैलानं कोट खाल्ला तरी हूं नाही का चूं नाही." त्याच्या घरी भाजी खारट, मी शांत. मले उन्हात बसवलं, मी शांत. कोटाचं विचारलं नाही त्यानं अजून, मी शांत! किती गिळाव माणसानं?

परवा छातीत कळ आली. गोविंदाच धावून आला, त्यानंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं नळी लावली, पाहिलं, म्हणे, "बाबा, मनात काही दाबून ठेवता का? मोकळं बोलत जा, नाहीतं अवघड हाय."

इवाई बाजूलेच उभा, माहा हात धरून.

म्हटलं, "मनात काहीच नाही जी."