डावा हात खिशात

माझ्याकडचे कर्णे ऐकायला तुम्ही मजेत येता, पण त्या अँप्लिफायरचं झाकण मी अजूनही उघडत नाही. का ते सांगतो.

बंद पडलेल्या टॉकीजमधले दोन मोठे कर्णे आणि व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर मी हौसेने घरी आणला. जोडायला मंगळवेढ्याचे सिद्रामअण्णा आले. सगळं काम उजव्या हाताने, डावा हात कायम खिशात. बायकोने चहा दिला, तोही एकाच हाताने घेतला. मला रागच आला. मेकॅनिकला एवढा कसला तोरा?

कर्ण्यातून घरघर यायला लागली. मी स्विच बंद केला, प्लग काढला आणि म्हटलं, "अण्णा, मी धरतो, तुम्ही आतलं बघा."

मी दोन्ही हात उघड्या अँप्लिफायरकडे नेले, तोच स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्या मनगटावर बसली.

"मास्तर, हात मागं घ्या."

"अहो, प्लग काढलाय की."

"कंडेन्सरला कुटं म्हाईत हाय ते? त्यात करंट साठून ऱ्हातोय."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत टेकवलं. फाडकन ठिणगी उडाली आणि टोक काळं पडलं.

"एका हातानं नुसता झटका बसतोय," अण्णा म्हणाले. "दोनी हात घातले की करंट काळजातनं जातोय."

मी विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"थोरल्या भावानं."

"त्यांनी सांगितलं होतं?"

"न्हाय. त्यानं दोनी हात घातलते."