तेल टिपणारी कापडं

नोकरीतली माझी पहिली चाचणी पास झाली की नापास, ते मला अजून कळलेलं नाही.

गिरगाव चौपाटीला पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींच्या इंजिनातून तेल ठिबकतं आणि तळातलं पाणी उपसलं की समुद्रात जातं. ते टिपून घेणारी आमच्या कंपनीची जाड, पांढरी कापडं मी बोटवाल्या दामूकाकांना दिली. "इंजिनाखाली घाला, आठवड्याने वजन करू." त्या वजनावरच मी नोकरीत पक्की होणार होते.

आठवड्याने गेले, तर कापडं पांढरीशुभ्र. कापड खराब, की इंजिनच सुधारलं?

"काका, तेल गळायचं थांबलं?"

"छे, गळतंय की."

"मग ही अशी कोरी कशी?"

"एवढं चांगलं कापड तेलात कोण घालतं गो? पाहुण्यांच्या सीटवर अंथरतो. इंजिनाखाली माझं जुनं बनियन टाकलंय. भरलं की पिळतो."

मी दचकलेच. "कुठे पिळता? समुद्रात?"

"वेडी की काय? डब्यात. समुद्रात जाता कामा नये, असं तूच बोललीस ना?"

संध्याकाळी कंपनीतून सरांचा फोन. "कापडाने किती तेल टिपलं?"

"सर, कापडाचं सांगता येत नाही. बनियनने अख्खा डबा भरलाय."