शहाण्णवनंतर पुन्हा एक्क्याऐंशी

...नाही, पण मी म्हणतो, भांडायचं कोणाशी? पूर्वी कसं, पुस्तक बिघडलं की लेखक प्रकाशकाच्या नावानं खडे फोडून मोकळा! इथे प्रकाशक मीच. लेखक मी, प्रूफं तपासणारा मी, मुखपृष्ठाच्या निळ्या रंगावरून छापखान्यात तीन दिवस हुज्जत घालणारा मी, गठ्ठे तिसऱ्या मजल्यावर चढवणारा... सांगायलाच नको. हल्ली सगळेच काढतात हो, स्वतःचं स्वतः. आमच्या एका जिन्यात तीन लेखक आहेत, तुम्हाला सांगतो! वाचक एक नाही. मी खालच्यांना म्हणतो तुमचं वाचलं, ते मला म्हणतात तुमचं वाचलं, दोघंही खोटं बोलतो आणि चहा पितो.

तर कादंबरी आली. नऊ वर्षं लिहिली, हो, नऊ! पहिल्याच कार्यक्रमात, समोर वीस माणसं, त्यातली सतरा नात्यातली, मी बाप मरतो तो प्रसंग वाचायला पुस्तक उघडतो, तर शहाण्णव पानानंतर पुन्हा एक्क्याऐंशी! आणि त्यानंतर एकदम एकशे तेरा! पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्या शिवून बांधतात ना, त्यातली एक जुडी बाइंडरनं दोनदा घातली आणि पुढची विसरला. सगळ्या प्रतींत! बाप मरतच नाही हो. शहाण्णववर खोकतोय, आणि एकशे तेरावर पोरगा त्याचा चष्मा कपाटात ठेवतोय. बाइंडर थंडपणे म्हणाला, नमुना प्रत बघून प्रकाशकानं सही केलीय. बरोबर आहे. प्रकाशक मीच.

बायको म्हणाली, "अहो, सगळ्यांना फोन करा आणि माफी मागा." मी म्हटलं, थांब. जो तक्रार करेल तो खरा वाचक. एक जरी निघाला तरी नऊ वर्षं कारणी लागली.

आणि बसलो की वाट बघत! मावशीनं कळवलं, बाप जातो तिथे तिला रडूच आवरेना. कुठे जातो गं मावशी? मागच्या कव्हरवर जातो, तेवढंच वाचलंस तू! मेहुणा म्हणाला, एका बैठकीत संपवलं, कुठेही अडखळलो नाही. ऑफिसातल्या साहेबांनी तर पाठ थोपटली, म्हणाले, ओघ आहे. ओघ! सोळा पानांचा खड्डा आहे त्यात! तीन महिने, तुम्हाला सांगतो, फोन वाजला की उडी मारून उचलायचो... कोणीतरी शिव्या घाला रे मला! दुकानदार तर प्रत ठेवूनच घेईनात. शेवटी दाताच्या डॉक्टरकडे गेलो, बाकावरच्या मासिकांच्या ढिगात एक प्रत गुपचूप सरकवली आणि दात न दाखवताच परत आलो. वितरकही मीच ना!

आणि परवा आला फोन. अनोळखी बाई. अर्धा जबडा बधिर, त्यामुळे शब्द धड फुटत नव्हते. म्हणाल्या, रूट कॅनॉलच्या चार खेपांत तुमचं पुस्तक वाचून संपवलं, मागे नंबर होता म्हणून कळवते, शहाण्णवनंतर पुन्हा एक्क्याऐंशी आलंय. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! वाचलं! जिवंत माणसानं, पानं मोजून वाचलं! मी म्हटलं, बाई, पत्ता सांगा, राहिलेली सोळा पानं मी आत्ता स्वतः आणून देतो, अख्ख्या आयुष्यात त्याहून चांगलं काही लिहिलेलं नाही मी.

"नको, राहू द्या," त्या म्हणाल्या. "काही अडलं नाही."

मग काय... मी दाढेची चौकशी केली आणि फोन ठेवला.