केबलीच्या टोकावरचं बूच

सांगा बरं, भरवसा कुणावर ठेवावा? दुकानदारावर, का गिऱ्हाइकाच्या बापावर?

माझं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान. दुष्काळाचं साल होतं, अर्धं शहर टँकरवर. करमाडचा रामा लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा. एकदा कॉम्प्युटर अन् स्पीकर घेऊन तो दुकानातच आला. सोबत वडील. कॉम्प्युटरातल्या साउंड कार्डापासून स्पीकरपर्यंत जोडायला डिजिटल केबल हवी होती, अन् संध्याकाळी नवरीकडची मंडळी लग्नाची सीडी बघायला येणार होती.

मी ऐटीत म्हणालो, "तांब्याची नको, प्रकाशाची घे. हिच्यातून आवाज उजेड होऊन जातो."

लावली. आवाज नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. एकही नीट बसेना. "कार्डाचं भोकच लहान आहे," म्हणत मी कानस काढली.

"शेठ, कार्ड फुटलं तर पाहुण्यांना काय मुकं लगीन दाखवू?" रामा रडकुंडीला आला.

तेवढ्यात वडील पुढं झाले. "आमच्याकडं टँकर आला की आधी पाइपाचं बूच काढतेत. तुमच्यात नाय काढीत व्हय?" अन् केबलीच्या दोन्ही टोकांवरच्या बारक्या प्लास्टिकच्या टोप्या त्यांनी नखानं उपसल्या. केबल टक्कन बसली अन् स्पीकरवर सनई सुरू झाली.

"शेठ, हे कॉम्प्युटरचं काम कुठं शिकला?" वडिलांनी विचारलं.

"माझं मीच शिकलो, बाबा."

"व्हय, दिसतंय ते."

हा किस्सा सांगताना मी कैक वर्षं त्या टोप्या माझ्याच नखानं काढत आलोय. तुम्ही पुढं सांगाल तेव्हा तेवढा हिशेब खरा ठेवा.